रेशीमकिड्याच्या रक्तजनक अवयवाचे सेक्शन पुन्हा पुन्हा बिघडतात तेव्हा

रेशीमकिड्याच्या अळीत रक्तपेशी तयार करणारे अवयव चार असतात. मधल्या वक्षखंडात दोन, मागच्या वक्षखंडात दोन. पुढे जिथून पंख फुटणार असतात, त्या चकत्यांना ते बिलगून बसलेले असतात. आकार तिळाहूनही लहान. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ऊतीचे पातळ काप, काढायचं काम मी गेली बरीच वर्षं करते आहे, आणि एवढ्याशा अवयवापायी रडकुंडीला आलेली मुलं जितकी पाहिली, तितकी दुसऱ्या कुठल्याच ऊतीपायी पाहिली नाहीत. त्यांच्या चुका फार वेगवेगळ्या नसतात. चार-पाचच आहेत आणि दर वर्षी त्याच घडतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

लक्षणं

तुमच्या स्लाइडवर यातलं काहीतरी दिसत असेल:

– शंभर सेक्शन पाहिले, चरबीपिंड दिसतो, स्नायू दिसतात, श्वासनलिका दिसतात, पण रक्तजनक अवयव कुठेच नाही.
– अवयव आहे, पण त्यावर काळे-तपकिरी डाग आहेत, आणि डागांच्या आसपासच्या पेशी ओळखूही येत नाहीत.
– पेशी एकमेकींपासून सुटलेल्या, मधे रिकाम्या जागा, केंद्रकं आकसून काळ्या टिंबासारखी झालेली.
– सेक्शनवर उभ्या रेघा, नाहीतर एकाच ठिकाणी दर वेळी फाटतं.
– सगळं एकसारखं गुलाबी. केंद्रकाचा जांभळा-निळा रंग चढलेलाच नाही.

यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसत असतील तर रंगापासून सुरुवात करू नका. मुलं पहिल्यांदा हिमॅटॉक्झिलिनची, म्हणजे केंद्रकाला जांभळा-निळा करणाऱ्या रंगाची, बाटलीच बदलतात, कारण रंग डोळ्यांना दिसतो. मी पाहिलेल्या दहांतल्या सात-आठ वेळा खरा बिघाड अळी निवडताना किंवा अळी कापल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत झालेला होता. मायक्रोटोमपर्यंत, म्हणजे काप काढायच्या यंत्रापर्यंत, तो ब्लॉक (वॅक्समध्ये बसवलेला ऊतीचा तुकडा) पोचायच्या आधीच सगळं ठरून गेलेलं होतं.

हातातली स्लाइडच पुन्हा पाहा

याला खर्च शून्य. आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण कितीतरी वेळा स्लाइड बिघडलेली नसतेच.

पतंग आणि फुलपाखरांच्या अळ्यांत हा अवयव म्हणजे एकजीव गोळा नसतो. बाहेरून एक पातळ, पेशी नसलेला पापुद्रा असतो आणि आत पेशींची लहान लहान बेटं. काही बेटं घट्ट असतात. तिथे पेशी अंगाला अंग लावून बसलेल्या, केंद्रकाने जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली, भोवती पेशीद्रवाची जेमतेम एक कड. काही बेटं मात्र सैल असतात. तिथे पेशी सुट्या सुट्या दिसतात आणि मधल्या फटींत हिमोलिम्फ, म्हणजे किड्याचं रक्त, भरलेलं असतं. ही सैल बेटं पाहून मुलं म्हणतात, “मॅडम, फाटलंय.” ते फाटलेलं नाही. तयार झालेल्या पेशी बाहेर पडायच्या तयारीत असतात, तिथली रचनाच तशी आहे.

मग खरं फाटलेलं ओळखायचं कसं? चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हखाली पेशीची कड पाहा. सैल बेटातली पेशी गोल, पूर्ण, कड स्वच्छ असलेली दिसते. बिघडलेल्या ऊतीत कड तुटलेली, पेशीद्रव गळून गेलेला आणि केंद्रक उघडं पडलेलं दिसतं. बाहेरचा पापुद्रा सलग आहे का तेही बघा. पापुद्रा सलग आणि आतल्या पेशी सुट्या असतील तर तुमचं सेक्शन चांगलं आहे. चांगल्या वयाच्या अळीत विभाजन चालू असलेल्या पेशीही भेटतात. गुणसूत्रांची जाड पट्टी मधोमध आडवी पडलेली एक जरी पेशी दिसली, तरी फिक्सिंग, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवायला ऊती रसायनात घालणं, वेळेवर झालं असं मी समजते.

दुसरी गफलत ओळखण्याची. रक्तजनक अवयव म्हणून कशाकशाचे फोटो माझ्याकडे आलेले आहेत. चरबीपिंडाच्या पेशी मोठ्या आणि आत पोकळ्या-पोकळ्या असलेल्या. रेशीमग्रंथीच्या पेशी तर अवाढव्य, आणि त्यांचं केंद्रक झाडाच्या फांद्यांसारखं पसरलेलं. एकदा ते पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही. पंखाची चकती म्हणजे उभट पेशींचा घडी पडलेला पडदा. तो सापडला की खूश व्हा, कारण तुम्हाला हवा तो अवयव त्याच्याच शेजारी आहे.

बाटलीतला एक थेंब

हेही फुकटात होतं. रंगाचा संशय असेल तर नळाच्या पाण्याच्या भांड्यात हिमॅटॉक्झिलिनचा एक थेंब टाका. लगेच निळसर जांभळा झाला तर रंग ठीक आहे. तांबूस-तपकिरीच राहिला तर बाटली संपली असं समजा. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्याला सगळे नावं ठेवतात, पण हिमॅटॉक्झिलिन निळं करायला ते छान चालतं. रक्ताचा थेंब काचेवर पसरून केलेल्या स्मिअरला गिम्सा रंग देताना मात्र ते पाणी अजिबात वापरू नका. तिथे ६.८ पीएचचा बफरच हवा, नाहीतर सगळा स्मिअर निळा होतो आणि रक्तपेशींतली कणिकापेशी कुठली, प्लाझ्मॅटोसाइट कुठली ते सांगता येत नाही.

अजून एक करा. तुमच्या स्लाइडबरोबर त्याच डब्यात एखाद्या जुन्या, खात्रीच्या ब्लॉकची स्लाइड रंगवा. ती चांगली रंगली आणि तुमची फिकी राहिली, तर दोष रंगात नाही, ऊतीत आहे.

अळी कुठली, केवढी, कशी

आता खरा मुद्दा. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे तीन महिने गेले. हिमॅटॉक्झिलिनच्या तीन बाटल्या, दोन प्रकारचं वॅक्स, नवीन ब्लेडं. स्लाइडवर अवयवाच्या जागी नुसता विरलेला पापुद्रा आणि इकडेतिकडे दहा-बारा पेशी. मी विचारलं, “अळ्या कुठून आणतेस?” म्हणाली, “मामांच्या शेडमधून. ते चंद्रिकेवर टाकतात ना, तेव्हा मला थोड्या बाजूला काढून ठेवतात.”

तिथेच उत्तर मिळालं. चंद्रिका म्हणजे अळ्यांना कोष विणायला दिलेली चौकट, आणि तिच्यावर टाकायची अळी म्हणजे पिकलेली अळी. खाणं सोडलेली, अंग पिवळसर पारदर्शक झालेली, कोष विणायला जागा शोधणारी. ह्या सुमारास रक्तजनक अवयव आपल्या पेशी रक्तात सोडायला लागतो आणि कोषात शिरताना तो विरत जातो. जे संपत आलेलं आहे ते सेक्शनमध्ये येणार कुठून? पुढच्या बॅचला आम्ही चौथी कात टाकून दोन-तीन दिवस झालेल्या, पाला खाणाऱ्या अळ्या घेतल्या आणि पहिल्याच ब्लॉकमध्ये अवयव सापडला. बाकी एकही गोष्ट बदलली नव्हती.

म्हणून अळी आणताना तारीख लिहून आणा. पाचवी अवस्था साधारण सात-आठ दिवसांची असते. तिचा दुसरा-तिसरा दिवस मला सर्वांत सोयीचा वाटतो. अवयव पुरेसा मोठा झालेला असतो आणि रेशीमग्रंथी अजून सगळ्या अंगात फुगलेली नसते. कात टाकायला बसलेली, डोकं वर करून स्थिर झालेली अळी घेऊ नका. तिच्यात सगळंच बदलाच्या अवस्थेत असतं आणि दोन अळ्यांची तुलना करता येत नाही.

वयानंतर तब्येत. अळीच्या पोटाखालच्या पायाला बारीक सुई टोचा, एक थेंब स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिप ठेवा आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. निरोगी अळीचं रक्त स्वच्छ, किंचित पिवळसर असतं. दुधासारखं पांढरट असेल तर ग्रासेरी ह्या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या. हा विषाणू रक्तपेशींच्या आणि चरबीपिंडाच्या केंद्रकांत वाढतो आणि तिथे चकचकीत बहुभुजी कण साठतात. अशा अळीच्या सेक्शनमध्ये केंद्रकं फुगलेली, विचित्र दिसतात आणि आपण दोष देतो फिक्सेटिव्हला. लंबगोल, एकाच मापाचे, लखलखणारे बीजाणू दिसले तर ती गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तो पेब्रिन असू शकतो. अंगावर काळा टिपका असेल तर उझी माशीने अंडं घातलेलं असू शकतं. आत मॅगट असलेल्या अळीचं रक्त नेहमीसारखं नसतं, म्हणून मी अशी अळी बाजूला ठेवते.

पेब्रिनचा संशय आला तर तुमचं काम तिथेच थांबवा. हा रोग अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. १८६५ मध्ये लुई पाश्चर दक्षिण फ्रान्समध्ये याच रोगाच्या मागे लागले, आणि अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडीपुंज निवडायची पद्धत तिथून रुळली. आजही अंडीपुंज केंद्रांत तेच करतात. तुमच्या प्रकल्पापेक्षा ज्यांच्या शेडमधून अळ्या आल्या त्या शेतकऱ्याची बॅच मोठी. त्यांना सांगा, आणि जिल्हा रेशीम कार्यालयातल्या माणसाला नमुना दाखवा. “मला वाटतं पेब्रिन आहे” एवढ्यावर स्वतः निदान करून कुणाची बॅच जाळायला लावू नका.

अळीच्या अंगावरचा चुना हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रकार आहे. कात टाकायच्या वेळी बेड कोरडा राहावा म्हणून शेडमध्ये चुन्याची भुकटी मारतात. जालना-बीडकडून येणाऱ्या अळ्यांच्या अंगावर हा चुना मी बोटाने पुसून पाहिला आहे. सुकलेल्या हातावर पिठासारखा लागतो. तोच कण ब्लॉकमध्ये गेला की ब्लेडला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक सेक्शनवर त्याच जागी उभी रेघ. ओल्या मऊ ब्रशने अळी पुसून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

जागा चुकते आहे का

पुस्तकात टोळ किंवा नाकतोड्याची आकृती पाहून मुलं अळीच्या पाठीशी, पृष्ठवाहिनीच्या, म्हणजे पाठीकडच्या रक्तवाहिनीच्या, कडेला शोधत बसतात. टोळात रक्तजनक ऊती खरंच तिथे असते. स्ट्रासबुर्गच्या ज्यूल हॉफमन यांनी आपलं सुरुवातीचं काम टोळाच्या ह्याच ऊतीवर केलं होतं, त्यांना २०११ मध्ये मिळालेल्या नोबेलच्या कितीतरी आधी. फळमाशीच्या अळीतही तो पृष्ठवाहिनीच्या पुढच्या भागालगत जोडीजोडीच्या पाळ्यांचा असतो. रेशीमकिड्यात मात्र तो पाठीवर नाही, बाजूला आहे. पाठीशी जे मोठाल्या पेशींचं रांगेत बसलेलं दिसतं ते हृदयावरणाच्या पेशी. त्यांचा रक्तपेशी बनवण्याशी संबंध नाही.

जागा शोधायची माझी खूण सोपी आहे. अळी आडवी धरा आणि बाजूची श्वासरंध्रं मोजा. पहिलं श्वासरंध्र डोक्यामागच्या पहिल्या खंडावर. दुसरं थेट पोटाच्या पहिल्या खंडावर. मधले दोन खंड असे आहेत की त्यांच्यावर श्वासरंध्रच नाही. तेच ते दोन खंड. जवळच्या श्वासनलिकांच्या चंदेरी फांद्यांमध्ये, कातडीच्या आतल्या बाजूला पंखाची चकती दिसते आणि तिच्याभोवती किंचित धुरकट पांढरा लहानसा गोळा. त्याला चरबी समजून खरवडू नका. चरबीपिंड अपारदर्शक, शुभ्र किंवा पिवळसर असतो. हा गोळा काचेच्या तुकड्यावर श्वास सोडल्यासारखा धुरकट दिसतो.

अवयव बाहेर काढायचा प्रयत्नही करू नका. ह्या दोन खंडांच्या बाजूच्या भिंतीचा पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा कातडीसकट घ्या. मी तर शेवटच्या अल्कोहोलमध्ये तुकड्याला इओसिनचा हलका हात देते. वॅक्समध्ये तो गुलाबी दिसतो, ब्लॉक लावताना दिशा चुकत नाही.

आणि रिबन, म्हणजे एकापाठोपाठ चिकटून येणाऱ्या सेक्शनांची पट्टी, फेकू नका. पाच मायक्रॉनच्या हिशेबाने हा अवयव थोड्याच सेक्शनांत संपतो. दर दहावं सेक्शन ठेवून बाकीचं टाकलं तर अवयवाच्या कडा तेवढ्या हाती लागतात. सगळी रिबन क्रमाने काळ्या कागदावर ठेवा आणि अवयव सापडेपर्यंत काहीही टाकू नका.

पहिली पाच मिनिटं

काळे डाग हे सर्वांत सतावणारं लक्षण. त्याची गंमत समजून घेतली की उपायही समजतो. अळीच्या रक्तात ओइनोसाइटॉइड नावाच्या पेशी असतात. रेशीमकिड्यात रक्त काळं करणाऱ्या एंझाइमचं निष्क्रिय रूप ह्या पेशींत साठवलेलं असतं. पेशी मोठ्या पण भलत्याच नाजूक. जखम झाली, हवा लागली की फुटतात, आणि आतलं एंझाइम जागं होतं. मग टायरोसिनसारख्या पदार्थांपासून मेलॅनिन बनायला लागतं. अळीच्या दृष्टीने ही जखमेची खपली. आपल्या दृष्टीने सेक्शनवरचा डाग. रक्तजनक अवयवात ह्या पेशी तयारही होतात, त्यामुळे अवयव नुसता चिमटीत धरला तरी आत काळं पडू शकतं.

उपाय थंडपणा आणि वेग. अळी पंधरा-वीस मिनिटं बर्फावर ठेवा. नुसती सुस्त नाही, हलायची थांबली पाहिजे. डिसेक्शनची वॅक्स ट्रे, कात्री, पिना, सगळं थंड. फिक्सेटिव्ह आधीच ओतून बाजूला तयार. पाठीवर मधोमध एक चीर, बाजू पिनांनी ताणून लावा, आतडं आणि रेशीमग्रंथी सोडवून काढा आणि थेट त्यावर थंड फिक्सेटिव्ह ओता. मग घड्याळ बघून भिंतीचा तुकडा कापा. चिरल्यापासून फिक्सेटिव्ह पडेपर्यंत मी दोन मिनिटांपेक्षा जास्त लागू देत नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी खोलीतच चाळिशीच्या जवळ तापमान जातं. त्या दिवसांत हे काम सकाळी साडेसात-आठलाच करते. दुपारी केलेल्या अळ्या हमखास काळ्या पडलेल्या आहेत.

रेशीमग्रंथी काढायचं आणखी एक कारण. आतलं रेशीम फिक्सेटिव्हमध्ये घट्ट होतं आणि ब्लॉकमध्ये तारेसारखं अडकून बसतं. ब्लेड त्यावरून गेलं की आजूबाजूची मऊ ऊती ओढून नेतं. दर वेळी एकाच जागी फाटण्याचं हे नेहमीचं कारण.

धुवायला माणसाचं सलाइन वापरू नका. रेशीमकिड्याच्या रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम बरंच जास्त असतं, आपल्या अगदी उलट. चुकीच्या पाण्यात पेशी फुगतात किंवा आकसतात. मी तर धूतच नाही. सरळ फिक्सेटिव्ह.

थंडपणा आणि वेग ठेवूनही काळं पडत असेल, तर फिनाइलथायोयुरिया हा रासायनिक मार्ग आहे. काळं करणाऱ्या एंझाइममध्ये तांबं असतं, त्याला हे रसायन अडवतं. पण ते फार विषारी आहे. मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय आणि हातमोजे घातल्याशिवाय, किंवा तोंडाला कापड बांधून चालेल असं समजून, त्या बाटलीला हात लावू नका. विद्यार्थ्यांना मी ते वापरू देत नाही, आणि बर्फाने काम होतं असाच माझा अनुभव आहे.

फिक्सेटिव्ह

नेहमीचं बुआं: पिक्रिक ॲसिडचं संपृक्त पाण्यातलं द्रावण ७५ भाग, फॉर्मॅलिन २५ भाग, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५ भाग. ॲसेटिक ॲसिड आयत्या वेळी घाला. तुकड्याच्या वीसपट तरी द्रावण हवं. एका बाटलीत दहा तुकडे कोंबून रात्रभर ठेवले तर बाहेरचे दोन चांगले निघतात. बारा ते चोवीस तास पुरतात. मग सत्तर टक्के अल्कोहोल बदलत राहा, पिवळेपणा बहुतेक जाईपर्यंत. पिवळा राहिला की पुढे रंग मळकट येतो. एखादा दिवस जास्त लागला तर लागू द्या.

अवयव आतल्या बाजूला आणि बाहेरून कातडी, त्यामुळे अख्खी अळी बुआंमध्ये टाकण्यात अर्थ नाही. द्रावण आत पोचेपर्यंत पेशी कुजायला लागतात. कापायला वेळ नसेल तर इन्सुलिनच्या सिरिंजने थंड फिक्सेटिव्ह अळीच्या आत हळू सोडा आणि मग कापा. अवयव जागच्या जागी धरला जातो.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसते. पिक्रिक ॲसिड कोरडं झालं तर स्फोटक असतं. कपाटात जुनी बाटली सापडली आणि झाकणाच्या आट्यांवर पिवळे कोरडे स्फटिक दिसले, तर झाकण फिरवू नका. बाटली हलवू नका. खोली बंद करा आणि कॉलेजच्या सुरक्षा जबाबदार व्यक्तीला बोलवा. तिथून पुढे ते तज्ज्ञांचं काम.

अल्कोहोल, झायलीन, वॅक्स

तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढायचं, अल्कोहोल झायलीनने, आणि मग त्यात वॅक्स भरायचं. आकसलेली केंद्रकं आणि ठिसूळ, चुरा होणारं सेक्शन असेल तर इथे बघा. पावसाळ्यात ॲबसोल्यूट, म्हणजे पाणी नसलेलं, अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं. चिमूटभर पांढरं, पाणी काढलेलं मोरचूद टाका. निळं झालं तर अल्कोहोल ॲबसोल्यूट उरलेलं नाही. झायलीन दुधाळ झालं तरी अर्थ तोच, तुकड्यात पाणी राहिलंय. अल्कोहोलमध्ये परत जा.

झायलीनमध्ये तुकडा विसरू नका. एवढ्या लहान तुकड्याला दहा-पंधरा मिनिटं पुरे. पारदर्शक झाला की काढा. “रात्रभर ठेवला म्हणजे चांगला क्लिअर होईल” असं ज्या मुलांनी केलं त्यांचे ब्लॉक काचेसारखे तडकले आहेत. वॅक्सचं तापमान थर्मामीटर घालून पाहा, ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नका. वॅक्स वितळायच्या बिंदूपेक्षा दोन अंश वर, तीन बदल, सगळं मिळून तास-सव्वा तास.

ब्लेड आणि मायक्रोटोम

उभी रेघ दिसली तर ब्लेड बाजूला सरकवा. रेघही सरकली तर खाच ब्लेडला आहे. रेघ तिथेच राहिली तर कडक कण ब्लॉकमध्ये आहे. उन्हाळ्यात सेक्शन चुरगळत असेल तर ब्लॉकचं तोंड बर्फावर पाच मिनिटं ठेवून पाहा. हिवाळ्यात उलट, सेक्शन गुंडाळी होत असेल तर ब्लॉकवर तोंडाची ऊब पुरते.

एक जाड, एक पातळ असं आळीपाळीने येत असेल तर आधी ब्लॉक धरणारा आणि ब्लेड धरणारा स्क्रू घट्ट करा, मग ब्लेडचा कल थोडा बदला. तरीही तसंच आलं तर मायक्रोटोमच्या आतल्या दात्यांना हात घालू नका. तिथे सर्व्हिस इंजिनिअरच लागतो. आमच्या जुन्या यंत्राचं झाकण एकाने स्वतः उघडलं होतं. नंतर ते पाच मायक्रॉनवर लावलं की सात-आठ मायक्रॉनचं सेक्शन द्यायचं, आणि ते कळायलाच आम्हाला दोन महिने लागले.

कुठे थांबायचं

योग्य वयाची निरोगी अळी, दोन मिनिटांत फिक्सिंग, ताजं बुआं, कोरडं अल्कोहोल, नवं ब्लेड, आणि बरोबरची ओळखीची स्लाइड चांगली रंगलेली. एवढं करून सलग तीन ब्लॉक बिघडले तर चौथा करू नका. एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या अनुभवी हिस्टोटेक्निशियनजवळ जा. ते रोज शेकडो ब्लॉक कापतात आणि ब्लॉकला नखाने स्पर्श करूनच सांगतात काय चुकलंय.

घट्ट बेटातली पेशी कुठल्या वाटेने जाते, पापुद्र्याची जाडी किती, पेशींच्या कणिका कशा आहेत, हे प्रश्न पॅराफिनमध्ये सुटत नाहीत. त्याला ग्लुटाराल्डिहाइड, ऑस्मियम, रेझिन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना इजा करते, ते कॉलेजच्या टेबलावर उघडायचं रसायन नाही. नमुना सुविधा केंद्रावर पाठवा. त्यांनी सांगितलेल्या फिक्सेटिव्हमध्येच पाठवा, बुआंमध्ये नको. आणि पाकिटावर एवढं लिहा: अळीची जात, पाचव्या अवस्थेचा कितवा दिवस, कुठला वक्षखंड, उजवी बाजू की डावी, चिरल्यापासून फिक्सिंगपर्यंत किती मिनिटं, खोलीचं तापमान किती. गेल्या हंगामात माझा एक नमुना परत आला तो हे शेवटचे दोन आकडे लिहायचे राहिले म्हणून.